टेबलापलीकडची चौकी

जपानीच्या बाईंचा वर्ग बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. परदेशी निघालेल्या नर्सा, सुतार, वेल्डर यांना बोलतं करण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. बाकीचे शिक्षक आधी फळं, रंग, नातीगोती शिकवत. बाई दुसऱ्याच आठवड्यात पोलिसांवर येत. केसात्सु म्हणजे पोलीस, कोबान म्हणजे गल्लीतली छोटी चौकी, ओमावारीसान म्हणजे गस्तीवरचे पोलीसदादा, दोरोबो म्हणजे चोर.

"अहो, परीक्षेत येत नाही हे," संस्थेचे साहेब कुरकुरत.

"परीक्षेत पहिला आलेला सुतार तिकडे चार तास रस्ता शोधत हिंडला, साहेब. वाटेत तीन कोबान लागल्या, एकीतही शिरला नाही. म्हणे, पोलिसांच्या दारात आपणहून कोण जातं! आता काय करू मी, डोकं फोडून घेऊ?"

म्हणून बाई निळी टोपी घालून टेबलामागे बसत आणि प्रत्येकाला तक्रार द्यायला लावत. पाकीट हरवलं, वाट चुकलो, कुणी पाठलाग करतंय. वेल्डर लाजत, नर्सा खिदळत, पण येत सगळे.

येत नव्हती ती एकटी सिस्टर. पंधरा वर्षं इस्पितळात काढलेली, दांडगट रोग्यांना नजरेने गप्प करणारी. सोमवारी तिचं विमान होतं. तिकडे वृद्धाश्रमात नोकरी, ओळखीचं कुणी नाही. शब्द सगळे तोंडपाठ, पण टेबलाजवळ यायचं म्हटलं की पाय उचलेना.

"मी काय खाणार आहे का तुम्हाला?"

"बाई, वही बघा ना. सगळं लिहिलंय."

"कुणी अंगावर आलं तर वही दाखवणार आहात? तीन आठवडे घसा कोरडा करतेय मी!"

शनिवारी, शेवटच्या तासाला, बाईंनी बाकीच्यांना घरी पिटाळलं आणि दार लोटलं. "आज सुटका नाही. या."

सिस्टर कशीबशी टेबलापर्यंत आली. पर्स छातीशी, मान खाली.

"दोझो, ओकाके कुदासाई," बाई सवयीने म्हणाल्या.

सिस्टर हलली नाही.

"अर्थ विसरलात?"

"नाही. 'या, बसा.'"

"मग बसा की, बाई माझे!"

"तिकडे चौकीत खरंच बसा म्हणतात?" सिस्टरने विचारलं. "मी एकदा गेले होते. इकडेच. हात गळ्यात बांधलेला. दिवसभर उभं ठेवलं आणि संध्याकाळी म्हणाले, नवराबायकोचं घरी मिटवा."

बाईंना स्वतःचाच राग आला. तीन आठवडे तिला फैलावर घेतलं, पण का येत नाही म्हणून एकदाही विचारलं नव्हतं.

"बसा," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे खरंच म्हणतात. दोशिमाशिता का? काय झालं?"

सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकली. पाकीट हरवलं असं ती म्हणालीच नाही. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत, तिने जपानीत सांगितलं की मला नवऱ्याने मारलं. मारहाणीचा शब्द बाईंनी वर्गात शिकवलाच नव्हता. तो तिने स्वतः शोधून पाठ केला होता.

बाईंनी कागद पुढे ओढला, तारीख विचारली आणि तक्रार लिहून घ्यायला सुरुवात केली.