लव्होन ‘नको’ म्हणाली

लव्होन केम्परने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, हे टिलसनमध्ये कुणालाही विचारा, छाती फुगवून सांगतील. जणू ती गावाचीच कमाई. खरं विचाराल तर ह्या कौतुकानेच त्या बाईचा घात केला.

आमच्या कॅन्ससमधल्या गावांत एक खोड आहे. माणूस ‘नको’ म्हणाला की ते कुणी खरं धरत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणायचं ते घरच्यांनी लावलेलं वळण म्हणून, आणि तिसऱ्या आग्रहाला ‘बरं बाई, तू एवढं म्हणतेस तर’ म्हणत ताटली पुढे करायची. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा तो हावरट. त्याच्या आईचासुद्धा उद्धार होतो.

लव्होनने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला. आज गावात जे चाळिशीचे बाप्ये मिश्या पिळत फिरतात, त्या सगळ्यांच्या ताटात तिने उकडलेल्या बटाट्याचा गोळा वाढलेला आहे. बाई बारकी, बोलणं कमी, काम वाघासारखं. नवरा मर्ल धान्याच्या कोठीवर होता. तो दारातून आत आला की खोलीतला उजेड अडायचा, एवढा आडमाप गडी. आवाजही तसाच. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने परसात स्वतःच्या हाताने वादळात लपायचं तळघर खणलं. ‘‘आभाळ खाली आलं तरी तुला ओरखडा उठायचा नाही,’’ असं म्हणाला होता. वर पत्र्याचं जड झाकण. ते आपटलं की शेजारच्या आर्डिसची मांजर पलंगाखाली पळायची.

चार वर्षांपूर्वी मर्लचं डावं अंग गेलं. जीभ तेवढी वाचली, आणि हट्ट वाचला. पुढच्या खोलीत त्याची कॉट लावली, कठड्याची. तळघराच्या पायऱ्या म्हणजे उभी शिडी. त्या पहाडाला तिथून खाली कोण नेणार? आगीच्या बंबावरच्या पोरांनी एकदा करून बघितलं, तर दोघांच्या कमरा धरल्या आणि मर्ल दारातच अडकला. तो स्वतःच हसत म्हणाला, ‘‘राहू द्या रे, मी मेल्यावर न्या, तेव्हा वाकडा करता येईल.’’ त्याला संस्थेत ठेव म्हणून सांगणारे शहाणे गावात कमी नव्हते. लव्होन ऐकून घ्यायची आणि त्याचं अंथरूण बदलायला जायची.

खरी गोष्ट घडली गेल्या वर्षी वसंतात. टोर्नाडोची सोंड पश्चिमेला उतरली म्हणून आर्डिस धावत आली आणि दार बडवून गेली. मर्ल म्हणाला, ‘‘खाली जा.’’

‘‘नाही जात.’’

‘‘लव्होन, जा म्हणतो ना!’’

‘‘तुला इथे ठेवून? वेड लागलंय का मला?’’

तो ओरडला, शिव्या घातल्या, रडलासुद्धा. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. तेव्हा त्या माणसाने धड हाताने कठडा धरला, सगळा जीव एकवटला आणि स्वतःला कॉटवरून खाली लोटून दिलं. खांदा मोडला. सोंड कुठल्या कुठे गव्हाच्या शेतांवरून निघून गेली होती, गावात कुणाचं छप्पर उडालं नाही की कुणाचं कुत्रं दुखावलं नाही. मोडला तो एवढा एक खांदा. इस्पितळात मर्ल तिला शांतपणे म्हणाला, ‘‘पुढच्या वेळीही पडेन. तू जाईपर्यंत दर वेळी पडेन.’’ आणि मर्ल केम्परचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लव्होनने गावात सांगितलं, झोपेत घसरला.

त्या दिवसापासून तिने एक नवीन संसार मांडला. हवामानाचा रेडिओ पिठाच्या डब्यामागे गेला आणि ‘बिघडलाय’ झाला. आभाळ हिरवट दिसायला लागलं की पडदे ओढायचे, ‘ऊन डोळ्यांवर येतंय तुझ्या’ म्हणायचं आणि टीव्हीवर बेसबॉल मोठ्याने लावायचा. आर्डिसला तिने चिठ्ठी-फोन काही नको, दार वाजवू नको, मला फोनवर कळतं, असं तीन-तीनदा बजावलं. वादळाचा इशारा द्यायला गावात भोंगा होता, पण तो बंबखान्यावरचा म्हातारा भोंगा. त्याला दमा. त्याचा आवाज केम्परच्या गल्लीपर्यंत यायच्या आत वाऱ्यात विरून जायचा. लव्होन मनातल्या मनात त्या दम्याचे आभार मानायची. यायचं असेल ते दोघांवर एकदम येऊ दे, न सांगता येऊ दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं. चूक म्हणा, खुळेपणा म्हणा. पण तिच्या जागी बसून म्हणा.

आणि मग गावाने नवीन भोंगे घ्यायचं काढलं.

दोन घ्यायचे ठरले. एक शाळेपाशी, त्यावर वाद नव्हता. दुसरा कुठे, ह्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला महापौर डेलने बंबखान्यात सभा बोलावली. आर्डिसने ही बातमी ट्यूना-नूडल्सच्या भांड्याबरोबर थेट मर्लच्या उशाशी पोचवली. मर्लच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी रंग आला.

‘‘जा आणि माग,’’ तो म्हणाला. ‘‘आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसवा म्हणावं. आयुष्यात एकदा तोंड उघड, लव्होन. माझ्यासाठी उघड.’’

‘‘बघते.’’

‘‘बघते नाही. जा.’’

ती गेली. पण मागायला नव्हे. कोट चढवताना तिने मनाशी पक्कं केलं होतं की उभं राहायचं आणि आमच्याकडे नको म्हणून सांगायचं. कुणी कारण विचारलं तर काय सांगायचं, हे काही तिला सुचलेलं नव्हतं.

सभेला राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल होते, त्यामुळे गर्दीही बरी होती. आधी तासभर एरंडाचं गुऱ्हाळ चाललं. एक म्हणाला, ‘‘खिशात फोन आहे की! तोच बोंबलतो. भोंगा हवाय कशाला?’’ त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘तुझा फोन कायम गाडीत असतो. काल बायको गावभर शोधत होती तुला.’’ हशा. शेळ्या पाळणारे एक गृहस्थ उठले. भोंग्याने शेळ्या बिचकतात, दूध आटतं, सबब भोंगा गावाच्या पलीकडे बसवा. ‘‘मग वादळालाही पलीकडूनच जा म्हणून सांग,’’ डेल म्हणाला. एक आजोबा म्हणाले की त्यांचा गुडघा सरकारी हवामानखात्याआधी ठणकतो, तेव्हा खांबावर गुडघाच बसवा. प्रत्येकाला भोंगा हवा होता, फक्त स्वतःच्या खिडकीखाली नको होता. आणि ते ‘नको’ मात्र सगळ्यांना बरोबर समजत होतं, कारण ते आवाज चढवून म्हटलेलं होतं.

तेवढ्यात ताटात शेवटचा रोल उरला. तो कुणी उचलेना. एकीने अर्धा कापून घेतला, दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा, तिसऱ्याने त्याचाही अर्धा, आणि उरलेला पेराएवढा तुकडा तसाच पडून राहिला. अशी आमची माणसं. अशा माणसांपुढे लव्होन उभी राहिली.

ती उभी राहताच सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती कधी सभेत बोललेली कुणाला आठवत नव्हती.

‘‘मला एवढंच सांगायचंय,’’ ती म्हणाली, ‘‘आमच्या गल्लीला भोंगा नको.’’

डेलचा चेहरा एकदम मऊ झाला. लहानपणी तो तिच्याकडून बटाट्याचा जादा गोळा मागून घ्यायचा. ‘‘लव्होन, संकोच कसला करतेस? तुमच्या टोकाला जुना भोंगा ऐकू येत नाही, आम्हाला ठाऊक आहे.’’

‘‘संकोच नाही, डेल. खरंच नको. दुसऱ्या कुणाला द्या.’’

‘‘बघा!’’ आर्डिस हुंदका देत शेजारणीला म्हणाली. ‘‘स्वतःचा नवरा अंथरुणाला खिळलाय आणि ही म्हणते दुसऱ्याला द्या!’’

आपण भिंतीशी बोलतोय हे लव्होनला कळलं. खरं सांगितल्याशिवाय आता सुटका नव्हती, आणि खरं काय सांगायचं? नवऱ्याने माझ्यापायी स्वतःला खाली लोटून घेतलं म्हणून? मला वाचायचंच नाही म्हणून? ते ह्या चारचौघांत बोललं की आर्डिसच्या जिभेवरून ते जेवणाच्या आत मर्लच्या कानावर जाणार. तरी तिने तोंड उघडलं. जन्मभराचा धीर गोळा करून उघडलं.

‘‘तिसऱ्यांदा सांगते, नको. मर्लला... तो वाजला की मर्ल...’’

‘‘बस, बस,’’ डेल खुर्चीवरून उठून आला आणि त्याने तिचे हात धरले. ‘‘पुढचं बोलू नकोस. आम्हाला कळतं.’’

काय कळलं होतं त्यांना, देव जाणे! ठराव एकमताने पास झाला. कचऱ्याच्या गाडीचा वार ठरवताना दोन तट पडणारं हे गाव, पण त्या दिवशी झाडून सगळे हात वर गेले. शेळ्यावाल्याचासुद्धा. टाळ्या झाल्या, बायकांनी डोळे पुसले, आणि एकेक जण येऊन लव्होनला मिठी मारून गेला. ती मधोमध कोट घट्ट धरून उभी होती. ‘थँक यू’ म्हणत होती. दुसरं काय म्हणणार?

घरी मर्लने विचारलं, ‘‘मिळाला?’’

‘‘मिळाला.’’

‘‘शाब्बास माझी वाघीण!’’ तो म्हणाला. किती दिवसांनी म्हणाला.

महिन्याभरात गल्लीच्या तोंडाशी खांब उभा राहिला. दर सोमवारी दुपारी त्यावरचा भोंगा वाजवून बघायचे. पहिल्याच सोमवारी खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मर्ल खुशीत म्हणाला, ‘‘ह्याने मढंसुद्धा उठून बसेल!’’ लव्होन सिंकपाशी नळ पूर्ण सोडून उभी होती.

यंदा मे महिन्यात एका गुरुवारी भोंगा वाजला. दुपारची वेळ, ती बटाटे सोलत होती. सोमवार नाही हे दोघांनाही एकदमच कळलं.

‘‘जा,’’ मर्ल म्हणाला. ओरडला नाही.

‘‘मर्ल, ऐक माझं एकदा...’’

त्याने धड हात उचलला आणि कठड्यावर ठेवला. तिच्याकडे बघत बोटं आवळली.

‘‘जाते,’’ ती घाईने म्हणाली. ‘‘जाते रे बाबा. हात काढ. हे बघ, निघाले.’’

त्याच्या अंगावर तिने दोन रजया टाकल्या, डोक्याशी उशा रचल्या आणि मागल्या दाराने बाहेर पडली. आभाळ जुन्या माराच्या वळासारखं हिरवं-काळं झालं होतं. शेजारी आर्डिसचा नवरा, आमचे पुरुष करतात तसा, भोंगा ऐकून खाली जायचं सोडून कॉफीचा कप घेऊन ओसरीत आभाळ बघत उभा होता. त्याने तिला ‘जा, जा’ अशी खूण केली आणि परत आभाळाकडे तोंड केलं. तिने तळघराचं झाकण उचललं. खालून ओल्या मातीचा वास आला. एक पाऊल तिने पायरीवर टाकलंसुद्धा. मग ते मागे घेतलं, आणि झाकण दोन्ही हातांनी जेवढं जोरात आपटता येईल तेवढं आपटलं, मर्लला ऐकू जावं म्हणून. बूट काढून हातात घेतले, पावलं न वाजवता स्वयंपाकघरात परत आली आणि त्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली.

तिला वाटलं, जमलं. त्याचाही हट्ट राहिला आणि माझाही राहिला. आता जे होईल ते एका छपराखाली होईल.

गारा सुरू झाल्या. भोंगा चढायचा, उतरायचा, परत चढायचा. तो उतरायचा तेव्हा घरातलं ऐकू यायचं. पहिल्या उताराला खोलीत सामसूम होती. दुसऱ्या उताराला तिला आवाज आला.

‘‘लव्होन.’’

ती हाक बोलावण्याची नव्हती. अंधारात पोर आपल्याशीच पुटपुटतं तशी होती. त्या पहाडाच्या तोंडून तिने तसला आवाज उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

‘‘लव्होन... मला भीती वाटतेय गं.’’

मध्ये फक्त एक भिंत. हात लांब केला तर चौकट लागली असती. तिने ॲप्रनचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. ओ दिली तर त्याला कळणार, ही गेलीच नव्हती. मग पुढच्या वेळी तो तिच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, सरळ कठडा धरेल. ह्या वेळी खांदाच मोडेल असं थोडंच आहे? भोंगा परत चढला आणि मर्लचा आवाज त्यात बुडाला. उतरला तेव्हा तो रडत होता. मोठ्याने, नाक ओढत, तिचं नाव घेत. घरात कुणी नाही अशा खात्रीने माणूस रडतो तसा. लव्होन भिंतीवर डोकं टेकून बसून राहिली. ॲप्रन भिजून गेला. छपरावरून काहीतरी मोठं फरफटत गेलं, कुठेतरी काच फुटली, आणि ती ‘मी इथेच आहे, राजा, मी इथेच आहे’ असं त्या बोळ्याच्या आत, आवाज न करता, म्हणत राहिली.

सोंड गावाच्या उत्तरेने गेली. भोंगा थांबला. लव्होनने बूट चढवले, बाहेर गेली, झाकण उचलून पुन्हा आपटलं, आणि ओल्या केसांनी, पायांचा आवाज करत आत आली.

मर्लने चादरीने तोंड पुसून घेतलं होतं. डोळे लाल होते, पण हसत होता.

‘‘बघ,’’ तो म्हणाला, ‘‘किती सोपं होतं! तू खाली आहेस म्हटल्यावर मी इथे मस्त निवांत पडलो होतो. उगाच घाबरत होतीस. आता दर वेळी असंच करायचं, कळलं?’’

‘‘हो,’’ लव्होन म्हणाली.