अण्णा साहेबाला काय म्हणाले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

तसा मी खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणजे — नव्हतो, असं मला वाटायचं. आणि एका वाक्याचं खोटं ते काय? तेही असं, की ऐकणारा खूश झाला... पण थांबा. असं सांगत गेलो तर मी पुन्हा स्वतःचीच बाजू घेईन. सुरुवातीपासून सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बहरीनमध्ये श्रीमंतांच्या बोटी जिथे बांधून ठेवतात, अशा एका मरीनात मी क्लार्क होतो. कुठली बोट कधी पाण्यात उतरवायची, कधी वर काढायची, याचे कागद मी करायचो. टाय लावून. गावात मात्र मी 'बोटींच्या ऑफिसातला साहेब' होतो. तो समज मी कधी खोडून काढला नाही, पण ते पाप किरकोळ.

त्या वर्षी उन्हाळा उतरल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिजिट व्हिसावर बोलावलं. अण्णा होड्या बांधणारे सुतार. दापोलीकडच्या आमच्या खाडीत त्यांच्या हातच्या कितीतरी होड्या फिरायच्या. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. सीफ भागातल्या मोठ्या मॉलमध्ये नेलं, तर एका दुकानाच्या दारावर बोटं वाजवून म्हणाले, "भुसा हाय सगळा." आठवडाभर एकच धोशा — तुझ्या बोटी दाखव.

मी टाळत होतो. का? कामाचं निमित्त सांगायचो. खरं कारण अण्णांचा तो गुडघ्यापर्यंतचा पंचा, अनवाणी पाय, मोठा आवाज. सांगताना आजही कान गरम होतात. पण तेव्हा लाज वाटायची हे खरं.

शेवटी एका गुरुवारी दुपारी नेलं. शुक्रवारची सुट्टी तोंडावर, माणसं पांगलेली. वाटलं, कुणी बघायचं नाही.

पांढऱ्याशुभ्र बोटींच्या रांगा बघत अण्णा धक्क्यावरून चालले, पण थांबले नाहीत. सगळा फायबरचा कारभार, त्यात सुताराने काय बघायचं? थांबले ते एका लाकडी बोटीपाशी. तिथे लाकडी अशी ती एकच. उन्हाळाभर ती यार्डात उन्हात उभी होती आणि त्याच दिवशी सकाळी पाण्यात उतरली होती. कागद माझ्याच सहीचा. तिच्या देखभालीला महाडकडचा उस्मान होता. मूळचा रंगारी, समुद्राशी घराण्यात कुणाचाच संबंध नाही. तो वर पाण्याची नळी आणायला गेला होता. बोटीचा गोरा मालक मात्र तिथेच उभा, हातात चहाचा मग.

अण्णा सरळ खाली वाकले. बोटीच्या अंगावर बोटांची पेरं वाजवली, कान लावला, सांध्यावरून अंगठा फिरवला. दुसऱ्याच्या बोटीला असा हात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग उठून मला म्हणाले, "लाकूड पार सुकलंय. सांधे उघडलेत. दोन दिवस पाणी पिऊन फुगू दे, मग मिटतील. तवर जवळ माणूस हवा, नि पाणी उपसत ऱ्हायला हवं. साहेबाला सांग."

आमच्याकडे ही रीतच आहे. होडी पाण्यात टाकली की पहिले दोन दिवस सुतार तिच्यापासून हलत नाही, त्याचं जेवणही तिथेच येतं. लहानपणी तो डबा मीच न्यायचो. म्हणजे अण्णा काय सांगतायत ते मला कळलं नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

साहेबाने हसून विचारलं, काय म्हणतायत तुझे वडील?

आणि मी म्हणालो, "ही सेज, व्हेरी ब्यूटिफुल बोट."

बस. एवढंच.

एका पंच्यातल्या म्हाताऱ्याने साहेबाला बोटीतलं शिकवायचं, आणि ते मी माझ्या तोंडाने सांगायचं — ते काही मला जमलं नाही. साहेब खूश झाला. आत जाऊन त्याने एक नवी कोरी पांढरी टोपी आणली, पुढे निळा नांगर शिवलेली, आणि अण्णांच्या डोक्यावर ठेवली. अण्णांचा चेहरा असा फुलला! त्यांना वाटलं, सल्ला पटला.

नळी घेऊन उस्मान आला. त्याला तरी सांगावं? तेव्हाही सांगता आलं असतं, आणि तेही मराठीत. मी घड्याळ बघितलं आणि अण्णांना म्हटलं, यल्ला, निघू या.

शुक्रवारी उस्मानची सुट्टी. तो रिफाला आपल्या गाववाल्यांकडे गेला. बोटीतलं पाणी उपसायचा पंप बंद होता, कारण तो चालू ठेवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारपर्यंत बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडाली. नुसती डोलकाठी वर.

शनिवारी मॅनेजरला खापर फोडायला एक माणूस हवा होता, आणि उस्मान समोर होता. त्याचं नोकरीवरून काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. व्हिसा कॅन्सल. सही करायला आला तेव्हा त्याने मला विचारलं, "दादा, मला कुणीतरी सांगायला हवं होतं ना?"

मी म्हणालो, "हो ना."

त्याच आठवड्यात तो गावी परतला. अण्णाही परतले, टोपी घालून. बोटीचं मी त्यांना काहीच कळू दिलं नाही.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर घरी निघालो, तेव्हा उस्मानचं घाईत मागे राहिलेलं सामान घेऊन आलो. एक रेडिओ, एक ब्लँकेट. निरोप धाडला, तसा तो न्यायला आमच्या घरी आला. अण्णा टोपी घालून ओटीवर बसलेले. कामाला जातानाही तीच असायची, गावात सगळे चेष्टेने त्यांना 'कॅप्टन' म्हणायचे. पाहुणा बहरीनचा, मरीनातला, म्हटल्यावर अण्णांना तेवढं पुरे! सगळी हकिगत सांगितली त्यांनी. लाकूड कसं सुकलेलं, सांधे कसे उघडलेले, काय सांगितलं. "साहेबानं ऐकलं हो माझं. म्हणून तर ही टोपी."

उस्मानच्या हातात चहाची बशी होती. त्याने ती खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग तो अण्णांना म्हणाला, "होय काका. ऐकलं ना साहेबानं. बोट मस्त आहे अजून."

मी त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. ब्लँकेट त्याच्या खांद्यावर, रेडिओ माझ्या हातात. वाटेत तो एवढंच म्हणाला, "त्यांना कधी सांगू नका." मी मान हलवली, आणि पाळलं. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. साहेबाला आपलं पटलं, हे समजून गेले.

पण मला उस्मानविषयी सांगायचं होतं. त्या दिवशी थांब्यावर आम्ही दोघंच होतो. एसटी यायला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी त्याला महाडला रंगकाम मिळतं का विचारलं, आंब्याचा मोहोर यंदा कसा आहे ते सांगितलं. एसटी आली. मी रेडिओ त्याच्या हातात दिला.