सोमवारी दात, रविवारी धवला

सोमवारी हिराजीदादांचे पुढचे दोन दात काढायचे होते, म्हणून मी शनिवारी पनवेलला गेले. हे वाक्य घरी नवऱ्याला ऐकवलं तेव्हा त्यानं पेपर खाली केला आणि विचारलं, "तू डेंटिस्ट कधी झालीस?"

तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल, तर नीट सांगते. हिराजीदादा ट्रॉम्बोन वाजवतात. लग्नाच्या बँडमध्ये एक जण लांब पितळी नळी पुढे-मागे सरकवत असतो आणि आपण त्याच्यापासून जरा लांब उभे राहतो, ते वाद्य. उरणकडच्या खाडीकाठी त्यांचं घर. मिसरूड फुटायच्या आधी हळदीच्या बँडमध्ये शिरले, पुढे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकरांच्या शेजारी बसून ते शिकले, पोटासाठी बंदरात क्रेन चालवली. आणि पन्नाशी उलटल्यावर सगळे बँड सोडून एकट्यानं, नाहीतर दोघांना सोबत घेऊन, स्वतःचं वाजवायला लागले. त्यांची एक सीडी मी साताऱ्यात एका दुकानातून उचलली होती. कव्हरवर होडी होती, मला वाटलं कोळीगीतं असतील. घरी लावली तर सबंध सीडीभर एकटा ट्रॉम्बोन आणि मागे पाण्याचा आवाज. आधी मी चिडले. मग भांडी घासताना लावायला लागले, आणि मग भांडी नसली तरी लावायला लागले.

ऐकणाऱ्यांना ते अधूनमधून ईमेल पाठवतात. या वेळच्या मेलमध्ये लिहिलं होतं, "शनि-रवि वाजवतोय. सोमवारी वरचे पुढचे दोन दात काढणार. ट्रॉम्बोन ओठांनी वाजतो, पण ओठ टेकतो दातांवर. ती भिंत पडली की पुढे काय, ठाऊक नाही. त्याआधी धवला एकदा पूर्ण वाजवून ठेवायचाय." धवला म्हणजे त्यांच्याकडं हळदीला, लग्नात बायका बसून म्हणतात ते संथ, लांबलचक गाणं. ते म्हणणारी ती धवलारीण. दादांची आत्या, काशीबाय, गावची धवलारीण. तिचा धवला ट्रॉम्बोनवर उतरवायचा त्यांचा नाद जुना होता, पण शेवटपर्यंत कधी पोचले नव्हते. मेल वाचून मी सरळ रजा टाकली. आपल्याला आवडलेल्या माणसाचा आवाज सोमवारपासून जाणार असेल तर घरी बसून काय करायचं?

साताऱ्याहून सकाळची मुंबईची एसटी मिळाली. खिडकीची जागा, घाटात धुकं, एक्सप्रेसवेवर थांब्यावरचा महाग आणि गार बटाटेवडा. (घरून डबा न्या. दरवेळी सांगते, दरवेळी विसरते.) घाट उतरल्यावर मला झोप लागली आणि झोपेत तोच ट्रॉम्बोन ऐकू येत राहिला. डोळे उघडले तर बाहेर खरोखर भोंगे वाजत होते, कळंबोली आली होती. कंडक्टर म्हणाला, "पनवेलच्या आत नाय जात गाडी, हितंच उतरा." जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्या पुलाखालीच सोडतात, तिथून पनवेलला शेअर रिक्षा मिळते. मला मात्र कळंबोलीतच थांबायचं होतं.

कारण शनिवारचा कार्यक्रम लोखंड बाजारात होता. हो, लोखंड बाजारात, सलीमभाईंच्या गोदामात. सलीमभाई पत्र्याचे व्यापारी आणि दादांचे ड्रमवाले. तिसरा नितीन, कामोठ्यात गणिताचे क्लास घेतो आणि गिटार वाजवतो. ट्रकांच्या रांगांमधून साडी सावरत मी पोचले तेव्हा सलीमभाई म्हणाले, "तशरीफ ठेवा ताई, पण पत्र्यावर नको, चटका बसेल." मला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली. ऐकणारे दहा-पंधरा, त्यात खारघरच्या कॉलेजातली काही पोरं, आणि बाकीचे माल उतरवून झाल्यावर टेकलेले हमाल.

दादा दिसायला अगदी साधे. ठेंगणे, हाफ शर्ट, गळ्यात रुमाल. वाजवायच्या आधी त्यांनी जिभेनं दात हलवून पाहिला, तो हलला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांनी पहिला खालचा सूर लावला आणि मागचे पत्रे गुणगुणायला लागले. खरंच सांगते. भिंतीला टेकवलेल्या त्या पत्र्यांच्या चळती, सूर लागला की आतून हलकेच बोलायच्या. सलीमभाई ब्रशनं ड्रम नुसता कुरवाळत होते, नितीन दोन-दोन सूर सोडत होता, बाहेर एखादा ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला की दादा त्याच्या भोंग्याचाच सूर पकडायचे आणि तिथून घसरत कुठल्या कुठे न्यायचे. आपल्या गाण्यात मींड घेतात ना, तशी. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत माझ्या पायापर्यंत आला. मी कुठं आहे, कशाला आले, संध्याकाळी कुठं राहणार, काही आठवेना, आणि आठवून घ्यावंसंही वाटेना.

संपल्यावर मी म्हटलं, "पत्रे काय सुंदर वाजतात हो."

"रोज एवढे ट्रक बोंबलतात तेव्हा गप असतात," सलीमभाई म्हणाले. "यांच्याच नादाला लागतात कमबख्त."

दादा रुमालानं ओठ पुसत होते. रुमालाला थोडं रक्त लागलं होतं. नितीननं विचारलं, "दादा, उद्याचं राहू द्यायचं का?"

"तोंड आज हाय," दादा म्हणाले. "उद्या पण असंल. परवाचं बोल."

वाजवणारे लोक 'तोंड' म्हणतात ते हेच, ओठ-दात-श्वास सगळं मिळून. तोंड बसलं, तोंड सुटलं, तोंड गेलं. मला तोवर तोंड फक्त चालवायचं ठाऊक होतं, वाजवायचं नाही.

रात्री पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एका लॉजवर राहिले. एकट्या बाईला पाहून मॅनेजरनं ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि "कामानिमित्त?" असं विचारलं. "दातांच्या," मी म्हटलं. त्यावर तो बिचारा इतका हळहळला की सकाळी चहासोबत बिस्किटं न देता मऊ पाव पाठवला. खोली स्वच्छ, पंखा आवाज करणारा, पाणी गरम. सकाळी वडाळे तलावावर चक्कर मारली. पाण्यावर पांढरट धूर होता, पलीकडचा काठ दिसत नव्हता, माणसं चालत येऊन त्या धुरात शिरत होती आणि थोड्या वेळानं दुसरीच माणसं बाहेर येत होती. बाजूच्या गाडीवर पोहे खाल्ले, छान होते.

आज दादा एकटेच वाजवणार होते, नितीन रेकॉर्डिंग करणार होता; तो आला आणि आम्ही दोघं उरणच्या बसनं निघालो. त्याच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग, माझ्या मांडीवर माइकचा स्टँड. डाव्या हाताला मिठागरं, उजव्या हाताला नव्या इमारतींचे सांगाडे. त्यानं मला बजावून सांगितलं, "ताई, एक करा. मध्ये टाळ्या वाजवू नका. दादा थांबतात खूप. थांबलं म्हणजे संपलं नाही."

कार्यक्रम दादांच्या घराच्या ओट्यावर, पुढं खाडी. ओहोटी होती, चिखल चकाकत होता, बगळे उभे होते. भाऊबंद, शेजारी सगळे जमलेले. आधी जेवण, मग गाणं, हा तिथला क्रम आणि तोच बरोबर आहे. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा तो छोटा मासा. डोळे बघून मी घाबरले होते, चव बघून परत वाटी पुढं केली. वाढत होत्या काशीबाय. ऐंशी ओलांडलेल्या, नाकात नथ नाही पण नथीचं भोक मोठं, आवाज खर्जातला. मला म्हणाल्या, "खा गो बाय, लांबशी आलीस. याचा भोंगा ऐकाया सातारशी कुनी येतंय, मना खरंच नाय वाटत."

पहिले दोन तुकडे दादांनी वाजवले आणि नितीनची भीती खरी ठरली. दादा थांबले की टाळ्या. एकदा तर टाळ्यांसोबत चहाचा ट्रे पण आला. बँडवाले थांबले की चहा द्यायचा, ही त्या घरची पिढ्यांची सवय, त्यात चूक कुणाची? शेवटी नितीननं हात जोडले. "आता धवला आहे. रेकॉर्डिंग चालू आहे. थांबलं म्हणजे संपलं नाही. कुणी हलायचं नाही, चहा पण नाही."

आणि धवला सुरू झाला. काय सांगू. नळी अगदी सावकाश पुढं जायची, सूर तिच्याबरोबर लांबायचा, पाण्यावर जायचा आणि परत यायचा. ऊन कलतं होतं. खाडीत हळूहळू भरती शिरायला लागली होती. मला कधी न पाहिलेल्या नवऱ्या दिसायला लागल्या, पिवळ्या हातांच्या, खाली बघणाऱ्या. पुढच्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. दादांचे डोळे मिटलेले होते आणि गालावर शीर ताठलेली होती. शेवटचं कडवं राहिलं होतं. त्यात सूर वर चढतो, तिथं ओठ दातांवर जोरात दाबावा लागतो.

ते चढले, आणि सूर फाटला. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा हवा. त्यांनी ट्रॉम्बोन मांडीवर ठेवला.

कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, हेच ते थांबणं. फक्त मला आणि नितीनला कळलं होतं की हे थांबणं नाही. नितीनचा चेहरा पांढरा पडला. मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. दातांचा म्हणा. पाणी ओट्याखालच्या दगडांना लागलं, त्याचा आवाज यायला लागला. दादा खाली बघत होते.

तेवढ्यात मागून काशीबायनी ओळ उचलली. दाराशी बसल्या होत्या, तिथूनच, मान न वळवता. जिथं सूर फाटला होता तिथूनच, त्याच पट्टीत. त्यांचा आवाज काही गोड नव्हता. जाडाभरडा होता. पण तो सरळ वर चढला आणि तिथं उभा राहिला.

दादांनी मान वर केली. बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग ट्रॉम्बोन उचलला आणि तिच्या खाली, अगदी खालचे सूर धरले. खालच्या सुरांना ओठ दाबावा लागत नाही, ते नुसत्या श्वासावर निघतात. वर ती, खाली हे. शेवटच्या ओळीपर्यंत दोघं तसेच गेले. संपल्यावरही कुणी टाळी वाजवली नाही, कारण नितीननं बजावलं होतं. शेवटी काशीबायच म्हणाल्या, "झाला ना आता. चहा आना."

नितीन लॅपटॉपशी जाऊन म्हणाला, "दादा, आत्यांचा आवाज लांबून आलाय. आणि मधे खूप मोठी गॅप आहे. कापून जोडू?"

"हात लावू नको," दादा म्हणाले.

मी काशीबायना विचारलं, तुम्हाला कसं कळलं की त्यांना जमत नाहीये? त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कलायचं काय त्याच्यान? यान मधी सोडला. धवला मधी सोडत नाय गो. एकीचा दम सरला का दुसरीन उचलाचा. नायतर नवरी उभीच र्‍हाते पाटावर." त्यांना दातांचं काही ठाऊकच नव्हतं. भाच्यानं आपल्यासाठी जागा सोडली, एवढंच त्यांना वाटलं होतं.

निघताना दादा बसथांब्यापर्यंत आले. म्हणाले, "ताई, मी इतकी वर्षं एकट्यान पुरा करायला बघत होतो. चूकच होती ती. धवला एकट्याचा नसतोच." मग जरा थांबून, "पण तोंड गेल्याचं दुःख हाय. ते हायच." तेवढ्यात बस आली.

रात्री पुन्हा त्याच लॉजवर राहून सोमवारी दुपारी घरी आले. प्रवासाचा खर्च फार नाही. तीन दिवसांत एसटी, लॉज, रिक्षा धरून एका बऱ्या साडीच्या आत होतं. पनवेलहून लोक कर्नाळ्याला जातात, अलिबागला जातात, तुम्हीही जा. पण खाडीकाठी कुणी जेवायला बोलावलं तर बाकी सगळं रद्द करा. नवऱ्यानं विचारलं, "निघाले का दात?" मी घड्याळ पाहिलं. निघाले असणार.

मग कित्येक महिने मेल नाही. मी सीडी लावायचीही बंद केली होती. ही पोस्ट तेव्हाच अर्धी लिहून ठेवली होती, शेवट सुचत नव्हता. गेल्या आठवड्यात मेल आला. सोबत एक रेकॉर्डिंग आणि एवढंच, "कवळी बसवली. पुढचं अजून येत नाही."

स्वयंपाकघरात उभी राहून लावलं. आधी नुसती हवा. परत हवा. मग सूर, लहान मुलानं पहिलं पाऊल टाकावं तसा, डगमगता, पण दादांचाच. धवल्याची पहिली ओळ अर्धी झाली, आणि बंद. खरखर ऐकू येत राहिली.

शाळेत प्रार्थनेला बाई मला सांगायच्या, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी कुणासमोर गायलेले नाही. पण त्या दिवशी ओट्याला टेकून, कणकेचे हात तसेच ठेवून, मी ती ओळ उचलली. शब्द येत नव्हते, म्हणून नुसता 'आ'कार. वाकडातिकडा, पण शेवटपर्यंत नेला. मग हात धुतले, परत म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि लाज वाटायच्या आत दादांना पाठवून दिलं.

वळले तर नवरा दारात उभा. किती वेळचा होता कोण जाणे. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी दातांबद्दल.

"संपलं?" त्यानं हळूच विचारलं.

"थांबलंय," मी म्हटलं.

तो खुर्ची ओढून बसला.