गच्चीवरचं अँटिऑक्सिडंट

माझे आई-बाप लोकांच्या द्राक्षबागेत मजुरीला जायचे आणि आमच्या घरी द्राक्षं यायची ती घडातून गळालेली. ती खाऊन मी बी.एस्सी. झाले. खानदानातली पहिली! त्यामुळे विज्ञानातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

तर माझी थोरली जाऊ शीतलताई. राहते ओझरला. माझ्याहून चांगली मोठी, पण चेहरा असा तुकतुकीत, की एका लग्नात एक बाई मला म्हणाल्या, "ही तुमची धाकटी जाऊ का हो?" (जेवण तिथंच संपलं माझं.)

त्याच पंगतीत कळलं, ताईकडं द्राक्षाच्या बियांच्या गोळ्या आहेत. परदेशी! बियांत अँटिऑक्सिडंट असतं, त्यानं चेहरा उजळतो म्हणे. म्हटलं, आपण नाशकात राहून बिया परदेशातून आणायच्या? तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीआधी मी उजळून दाखवणारच!

पण आपली खायची द्राक्षं बिनबियांची. बिया वाईनच्या द्राक्षांत. मैत्रीण वाईनच्या कारखान्यात होती, तिच्याकडून रस काढून उरलेला चोथा आणला. दोन गोण्या! गच्चीवर वाळत घातला आणि सासऱ्यांना म्हटलं, "अण्णा, जरा तेवढा चोथा परतून या ना."

अण्णा पक्के माळकरी. भर उन्हात, त्या आंबलेल्या वासात चोथा परतत बसले. खाली सासूबाईंचं भजनी मंडळ जमलेलं. ऐन अभंगात अण्णा जिना उतरले: डोळे लाल, हात जांभळे, चाल डुलती आणि अंगाला घमघमाट!

टाळ थांबले.

"सुमन," मंडळातल्या कमळाकाकू सासूबाईंना म्हणाल्या, "कधीपासून गं हे?"

"अहो काकू, दारू नाही ती!" मी धावले. "अँटिऑक्सिडंट आहे!"

"आता अशी नावं निघाली का?"

अण्णांना उन्हाची चक्कर आली होती. लिंबूपाणी दिल्यावर त्यांना बोलता आलं, पण तोवर मंडळ चपला घालून गेलेलं! सासूबाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

शेवटी मी ताईलाच फोन केला. "ताई, त्या गोळ्या तुम्ही रोज किती घेता हो?"

"अगं, कुणीतरी आणून दिल्या, पण मी कुठं घेते! डॉक्टर म्हणाले, यानं चेहरा उजळतो याचा धड पुरावा नाही. त्यापेक्षा फळं-भाज्या खा."

"मग चेहरा?"

"तो आईवर गेलाय माझ्या."

घ्या! आता आई कुठून आणू?

सगळा चोथा वांग्याच्या कुंड्यांत खत म्हणून गेला. वांगी अशी तुकतुकीत धरलीत, की हल्ली माझा जळफळाट ताईवर कमी आणि वांग्यांवर जास्त होतो.