न संपणारं रशियन

मला रशियन येतं असं मी आयुष्यात दोनदाच सांगितलं. पहिल्यांदा बढाई म्हणून आणि दुसऱ्यांदा नाइलाज म्हणून. मधली वर्षं मी ते शिकवत होतो.

हैदराबादेत इंटरपर्यंत शिकून, आणि तिथे कुणालाच माझी गरज नाही याची खात्री करून घेऊन, मी गावी परतलो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माझ्याकडे एक ट्रंकभर पुस्तकं होती आणि गावाविषयी उदार सहानुभूती होती. राणीसावरगावच्या पलीकडे दोन कोसांवरचं आमचं गाव त्या सहानुभूतीवाचून बरं चाललेलं होतं. ट्रंकेत रशियन शिकवणारं एक जुनं पुस्तक होतं. जुन्या बाजारात मी ते घेतलं, कारण त्यातली अक्षरं उलटीपालटी दिसत होती आणि हातात असलं की मी विद्वान दिसत होतो. झारच्या काळात व्यापाराला जाणाऱ्या इंग्रजांसाठी ते लिहिलेलं होतं. त्यातली माणसं पहिल्या धड्यापासून नोकराला केसाळ टोपी आणायला फर्मावत. अक्षरं आणि शे-दोनशे शब्द मी पाठ केले होते. माझे उच्चार चुकतात हे सांगू शकेल असा माणूस परभणी जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे ते चुकत नव्हते.

गावात शाळा नव्हती आणि ती अप्पांना हवी होती. अप्पा गावातले लिंगायत वाणी. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय तराजूला हात लावायचे नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. त्यांची मुलगी तेरा वर्षांची. पूर्णेला मामाकडे राहून ती चौथी झाली होती आणि आता दुकानात पुड्या बांधत होती. पुडीच्या रद्दी कागदावर जे छापलेलं असेल ते वाचून झाल्याशिवाय ती त्यात हळद बांधत नसे. अप्पांचं म्हणणं सरळ होतं. गावात शाळा निघाली तर पोरगी शिकेल, नाही निघाली तर मानवतच्या सरकीवाल्यांचं स्थळ आलेलं आहेच.

शाळेसाठी त्यांनी माझ्याकडून लिहवून घेऊन तालुक्याला अर्ज केला होता. त्याचं पुढे काय झालं हे विचारायला ती रोज माझ्याकडे यायची.

"मास्तर, अर्जाचं काय झालं?"

"येईल उत्तर."

"मानवतवाले दिवाळीला यायलेत. उत्तर त्याच्या आदी यील का मागून?"

मास्तर ही पदवी मला तिनेच दिली. तोवर मी कशाचाच मास्तर नव्हतो. पदवी मिळाल्यावर मला स्वस्थ बसवेना आणि मी कोट घालून तालुक्याच्या कचेरीत गेलो.

तिथल्या पेशकारांनी, म्हणजे निजाम सरकारच्या कारकुनांनी, माझं सगळं ऐकून घेतलं. "खानगी मदरसा नक्को. उसके लिए मनाई का हुक्म है."

"मग वाचनालय?"

"उसके लिए भी हुक्म है. तालीम, जलसा, सबके लिए हुक्म है." मग जरा दया येऊन त्यांनी विचारलं, "तुम क्या क्या जानते?"

मी इंग्रजी म्हणालो, थोडी फारसी म्हणालो. त्यांच्या मागच्या भिंतीवर दोस्त राष्ट्रांच्या झेंड्यांचं चित्र लावलेलं होतं. ते पाहून माझी जीभ सैल सुटली. "और रूसी," मी म्हणालो.

पेशकारांनी कलम खाली ठेवलं. छताकडे पाहत त्यांनी एकेक हुक्म आठवून पाहिला. "रूसी के बारे में कोई हुक्म नहीं है," ते सावकाश म्हणाले. "हुक्म नहीं, तो मनाई भी नहीं. और रूस तो आजकल अपने साथ है. लिखो अर्जी, रूसी जबान की जमात."

असा आमच्या गावात रशियनचा वर्ग निघाला. अप्पांना समजावणं त्यापेक्षा अवघड गेलं.

"तिकडं आपलं कोण हाय?"

"कुणी नाही, अप्पा. नावाला रशियन. आत गणित, भूगोल, सगळं बसवायचं."

"बसतंय का?"

"बसवू."

अप्पांच्या वखारीत, गुळाच्या ढेपी एका बाजूला सारून, पोत्यांवर पंधरा-वीस पोरं बसली. आमचा नियम एकच होता. कोणताही धडा रशियनच्या नावाने सुरू व्हायचा, म्हणजे कुणी अचानक डोकावलं तर फळ्याच्या डोक्यावर रशियन दिसावं. गणित आम्ही रशियन आकड्यांत करायचो. अदीन, द्वा, त्री असं पोरं गात सुटायची. पण माझ्या पुस्तकातलं आकड्यांचं पुढचं पान फाटलेलं होतं आणि विसाच्या पुढे माझी गाडी जात नव्हती. त्यामुळे आमच्या उदाहरणांत कुणाकडेही विसापेक्षा जास्त बैल, आंबे किंवा लेकरं नसायची.

"मास्तर, रशियात ईसाच्या म्होरं मोजीत न्हाईत का?" तिने एकदा विचारलं.

"ते वरच्या वर्गात असतं," मी म्हणालो.

भूगोलाचं मात्र वेगळंच झालं. तिकडच्या काळ्या मातीला चेर्नोझ्योम म्हणतात हे मला कुठेतरी वाचलेलं आठवत होतं. मी ढेकूळ हातात घेऊन तो शब्द उच्चारला, तेव्हा दाराशी तंबाखू मळत उभे असलेले दोन शेतकरी आत येऊन बसले. काळी माती म्हटल्यावर परक्यासारखं बाहेर उभं राहणं त्यांना पटेना.

"तिकडं जवारी हुती का?"

"गहू होतो. पेरला की वर बर्फ पडतं आणि तो चार महिने बर्फाखाली झोपतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बर्फाखाली गहू," त्यातला म्हातारा हळूच म्हणाला. "मास्तर, लय वाचू नगा."

पण दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आले. मला वाटलं, माझ्या शिकवण्याची कीर्ती पसरली. मी सहीदेखील रशियन अक्षरांत करू लागलो. पुढे कळलं की गव्हाची गोष्ट त्यांना थाप वाटली होती आणि ती पुन्हा एकदा माझ्या तोंडून ऐकायला ते यायचे.

वर्ग सुरू झाला म्हणून मानवतवाल्यांना अप्पांनी पुढच्या दिवाळीचा वायदा केला. तेवढ्यात शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार असल्याचा निरोप आला. ही बातमी आल्यापासून पोरगी पुड्या उलट्या बांधू लागली. साहेबांनी वर्ग बंद केला, तर तो वायदा त्याच दिवशी संपणार होता.

साहेब आले त्याआधी त्यांची खुर्ची आली. मग त्यांचा हुक्का आला. मग त्यांची पूर्ण पदवी सांगणारा चपराशी आला आणि त्याचं सांगून होईपर्यंत साहेब बैलांच्या दमणीतून उतरून, घाम पुसून, खुर्चीत बसलेदेखील. आंब्याची तोरणं, पाटील, अख्खा गाव, हार घेऊन ताटकळलेले अप्पा. त्या थाटाकडे पाहून मला मनातून हसू येत होतं. पण साहेबांना लवून सलाम सगळ्यांच्या आधी मीच केला.

फळ्यावर वर रशियन अक्षरांत 'नदी' होतं आणि खाली ठसठशीत मराठीत गोदावरीचा उगम, संगम आणि खोरं.

"इसमें रूसी कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

मी बोलायला लागलो. भाषा एकटी कधी शिकवू नये, असं मी म्हणालो. भाषेच्या पोटात गणित असावं, भूगोल असावा, शेती असावी, तरच ती अंगी लागते, ही विलायतेतली सर्वांत नवी पद्धत आहे. ही पद्धत मी त्याच क्षणी शोधून काढत होतो, म्हणजे ती नवी होती हे तरी खरं. साहेबांना विलायत आवडली. ते मान डोलावत उठले आणि पहिल्या रांगेतल्या मुलीपाशी थांबले.

"बेटी, रूसी सीखकर क्या करोगी?"

मी डोळे मिटले. ती मात्र सरळ उभी राहिली. "पूरी सीखूँगी साब. अप्पा बोले हैं, रूसी पूरी हुए बगैर शादी नक्को."

अप्पा असं कधीच बोललेले नव्हते. हार हातात धरून ते जागच्या जागी थिजले. साहेब त्यांच्याकडे वळले. "वाह! ऐसा बोले तुम?"

मागे पाटील होता, गाव होता, आणि साहेब हसत होते. अप्पांच्या तोंडून एवढंच निघालं, "हौ साब."

साहेबांनी मग भाषणात अप्पांचा हा निश्चय सगळ्या गावाला ऐकवला, तीनदा. वर्ग चालू ठेवायला सांगून ते गेले. धूळ खाली बसायच्या आत अप्पांनी मुलीला गाठलं.

"मी कवा म्हणलो गं असं?"

"आत्ता म्हणलात की. समद्यांम्होरं."

अप्पा शब्दाला जपणारे. ते तिला सोडून माझ्याकडे वळले. "मास्तर, खरं सांगा. रशियन पुरं व्हायला किती दिस लागतेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ती विनवत नव्हती. मी काय सांगतो ते बघत होती.

"अप्पा, मला येतं म्हणून सांगतो," मी म्हणालो, "ती फार मोठी भाषा आहे."

खरी गोष्ट अशी होती की माझं रशियन तोवर संपलेलं होतं. शब्द संपले होते, वाक्यं संपली होती, केसाळ टोपी शंभर वेळा आणून झाली होती. आता ते संपू द्यायचं नसेल, तर त्यात दुसरं काहीतरी घालत राहणं एवढाच मार्ग होता. लोक समजतात तसा मी काही पद्धतीचा प्रयोग वगैरे केला नाही. दूध कमी पडलं की वाढवतात, तसं मी भाषेत विषय वाढवत गेलो. देवगिरीच्या यादवांचा इतिहास मी रशियनमध्ये घातला. शरीर, रोग, पाणी उकळून पिणं हे सगळं घातलं. व्याजाची गणितं आल्यावर विसाची मर्यादा सोडावी लागली, तेव्हा पुढचे आकडे मी सरळ स्वतः बनवले आणि पोरांनी ते विश्वासाने पाठ केले. पुढे मिडलच्या परीक्षेला उर्दू लागणार म्हणून मी तीही त्याच वर्गात सुरू केली. सरकारची स्वतःची भाषा आम्ही सरकारच्या परवानगीने रशियनच्या आड लपवून शिकत होतो. याच्याइतकी राजनिष्ठा माझ्या हातून पुन्हा घडली नाही.

अप्पा अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. "सरलं का?"

"शरीरशास्त्र बाकी आहे, अप्पा."

"रशियनचं?"

"रशियनचंच."

दुसऱ्या दिवाळीला मानवतहून मुलाचे वडील आणि काका आले. काका सरकीच्या धंद्यातले, स्पष्ट बोलणारे. "पोरगी काय शिकायलीय?"

"रशियन," अप्पा म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांना तो शब्द नीट म्हणता येऊ लागला होता.

"आमच्या दुकानात रशियन कुणी सरकी घ्यायला येत न्हाई. कवा सरतंय ते?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाकरून म्हणालो, "पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास एक टप्पा होईल."

त्यांनी उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली. टप्पा झाला नाही. मुलाचं लग्न सेलूला झाल्याचं कळलं, तेव्हा अप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं. वखार मात्र काढून घेतली नाही. साहेबांसमोर दिलेला शब्द एकीकडे आणि माझ्यावरचा राग एकीकडे, असं त्यांनी वेगवेगळं ठेवलं. फक्त मला गूळ मोजताना तराजूची दांडी कधी माझ्या बाजूला झुकू दिली नाही.

गावातही बोलणं सुरू झालं. पोरगी सोळाची झाली, सतराची झाली. पुस्तकी माणसाला दुसऱ्याच्या लेकीच्या आयुष्याशी खेळायला काय जातं, असं लोक म्हणायचे, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाही त्यांचं पटायचं. एकदा वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"रशियन संपलं म्हणून सांगू का अप्पांना?"

ती फळा पुसत होती. "तुमचं सरलं आसल मास्तर," ती म्हणाली. "माझं मिडल राहिलंय."

परभणीला जाऊन तिने ते मिडल खाजगी बसून दिलं. अप्पाच तिला गंगाखेडला रेल्वेत बसवायला गेले, येताना एकटेच गाडी हाकत आले आणि दोन दिवस दुकानातल्या पुड्या स्वतःच बांधत बसले. ती पास झाली. तिला रशियनचा एकही प्रश्न आला नव्हता, याचं मला आत कुठेतरी वाईट वाटलं.

मग रझाकारांचे दिवस आले, वखारीला कुलूप लागलं. राजवट बदलली आणि गावात पाटी लावून खरीखुरी मराठी शाळा निघाली. तिला पूर्णेला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. ती मामाकडे राहू लागली. लग्नाचं ती बघून सांगते म्हणाली. मी गावच्या शाळेत साधा मास्तर झालो, आणि तिथे गणिताच्या तासाला गणितच शिकवायचं असतं ही सवय व्हायला मला बरेच दिवस लागले.

अशात एका सकाळी पूजा आटोपून, कपाळाची विभूती ओली असतानाच, अप्पा माझ्या घरी आले. इतक्या काळानंतर ते पहिल्यांदा माझ्या ओट्यावर बसले.

"मास्तर, मला रशियन शिकवा."

"आता कशाला, अप्पा?"

"माझ्या पोरीची इतकी वरसं गेली त्यात. काय हाय ते बघू तरी."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. रोज पूजा झाली की ते यायचे आणि दुकान उघडायच्या आत जायचे. वाण्याची स्मरणशक्ती. अक्षरं त्यांना आठवड्यात आली. शब्द एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नव्हता. इथे मला यादव किंवा शरीरशास्त्र मध्ये घालता येईना, कारण ते नुसतं रशियन मागत होते. महिना व्हायच्या आत एका सकाळी माझ्याजवळ सांगायला काही उरलं नाही. अप्पा वाट पाहत बसले.

"म्होरं?"

"झालं."

"आजचं?"

"सगळंच, अप्पा."

मी चष्मा काढून पुसायला लागलो, तो पुसून झाला तरी पुसत राहिलो.

"म्हंजी पहिल्याच वरसी सरलं हुतं," अप्पा म्हणाले.

अप्पा खाली पाहत होते. पलीकडे त्यांच्या दुकानासमोर कुणीतरी मिठासाठी हाका मारू लागलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला शोधल्या.

"बरं झालं," ते म्हणाले, "तवा मला येत न्हवतं."

आणि गिऱ्हाइकाला ओरडून, आलो आलो म्हणत, ते दुकानाकडे गेले.