सत्तूताच्या गळ्यातले शिक्के

इजिप्तमधल्या कफ्र नवार गावच्या बायकांना त्या काळी लिहिता येत नसे, पण प्रत्येकीकडे आपल्या नावाचा पितळी शिक्का असे. शाईवर टेकवला, कागदावर उठवला, की झाली सही. गावात बचत बँक निघाली तशी बदकं-अंडी विकून आलेला पैसा बायका तिथं ठेवू लागल्या. पण शिक्का घरात ठेवला तर नवरा तो ढापणार आणि पैसे कॉफीखान्यात उडवणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? म्हणून सगळे शिक्के गेले सत्तूता सुईणीच्या गळ्यात. जिनं पोरं हातात दिली ती पैसे बुडवील होय? दोऱ्यात ओवलेले शिक्के खुळखुळवत ती नाईलकाठच्या गल्ल्यांतून निघाली की दारादारांतून चहाच्या हाका येत. काय सुखाचे दिवस होते ते!

मग बँकेत अफरातफर निघाली. चौकशीला कैरोहून साहेब आला. पैसे काढल्याच्या प्रत्येक कागदावर शिक्का अस्सल होता, मग शिक्के कुणाकडे असतात, हा प्रश्न आलाच. बोट सत्तूताकडं वळलं. आता तुरुंग, आणि त्याहून वाईट म्हणजे चोर हे नाव.

नईमानं लेकीच्या लग्नासाठी पै पै जमवली होती. तीच आधी पुढं झाली आणि म्हणाली, पैसे मीच काढले, शिक्का मीच उठवला. मागोमाग साऱ्याजणी तेच बोलल्या. सत्तूता सुटत होती, फक्त बायकांचे पैसे बुडत होते. कोपऱ्यात बँकेचा खजिनदार शहाता मान खाली घालून बसला होता.

सत्तूता गप्प राहिली असती तर कोण काय म्हणणार होतं? पण तो दोरा गळ्यातून एकदाच उतरला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शहाताची बायको अडली होती तेव्हा. बाळंतिणीच्या खोलीत एकही गाठ बांधलेली ठेवायची नाही, नाहीतर मूल अडतं. वेण्या सोडल्या, बोचकी सोडली, आणि गळ्यातला गाठीचा दोरा तिनं आपल्या हातानं शहाताकडं दिला. ती आत त्याचा मुलगा जगवत होती आणि हा मेला बाहेर कोऱ्या कागदांवर शिक्के उठवत होता.

"साहेब, या माझ्यापायी खोटं बोलतायत," सत्तूता म्हणाली. "शिक्के मी याच्या हातात दिले होते. शहाता, मी ज्याची नाळ कापली त्या पोराची शपथ घे आणि नाही म्हण."

शहाताला रडू फुटलं.

तो तुरुंगात गेला, पैसे हळूहळू परत मिळाले. शिक्के मात्र पुरावा म्हणून कोर्टात गेले ते गेलेच, आणि बँकेनं अंगठे घ्यायला सुरुवात केली. सत्तूता दार लावून बसू लागली. आता आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, हेच तिला खात होतं. हात सारखा मोकळ्या गळ्याकडं जाई.

एके दिवशी बँकेतून थेट नईमा आली, अंगठा निळाभोर. दार ढकलून आत बसली आणि चहा मागितला.

"हा अंगठा काढून ठेवता येत नाही गं मावशी," ती म्हणाली, "नाहीतर तोही तुझ्याच गळ्यात अडकवला असता."