आतून न लागणारी कडी

कामावर त्यांना सगळे 'गारठा' म्हणत आणि ते त्या हाकेला ओ देत. माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं एका कोल्ड स्टोरेजमध्ये दारं बसवत आणि दुरुस्त करत होते. दाराला बोटभर फट राहिली की आतले दहा टन वाटाणे वाया जातात, एवढ्या एका ज्ञानावर त्यांनी संसार केला. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा ताईकडे बघायच्या आधी त्यांनी पुढचं दार निरखलं आणि वडिलांना सांगितलं, "खालून हवा येते."

निवृत्तीनंतर माणसं बाग लावतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देतात. भावजींनी घडीचा ट्रेलर बांधायला काढला. गाडीमागे जोडायचा, डोंगरात न्यायचा, तिथे भिंती उभ्या करायच्या आणि आत झोपायचं.

"त्यापेक्षा तंबू घ्या की," मी म्हणालो.

"कापडाने थंडी अडत असती तर मी तीस वर्षं पडदेच नसते का लावले?"

"मग हॉटेल?"

"हॉटेलच्या दारांना रबरी सील नसतं."

खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. "कंप्रेसरशिवाय थंडी पडते कशी, ते बघायचंय रे. बर्फ पडताना. हिच्याबरोबर." शेवटचा शब्द ते भिंतीकडे बघत बोलले. लग्नाला इतकी वर्षं झाली की असलं काही बायकोच्या भावासमोर बोलायची लाज वाटते.

आणि अडचण नेमकी 'ही'च होती. पंखा दोनवर गेला की ताईला शाल लागते.

म्हणून भिंती चार बोटं जाड, मध्ये थर्माकोल. आता चादरीची घडी कोणीही घालेल, गादीची घालून दाखवा! पहिली भिंत आडवी पडली की दुसरी तिच्यावर पडणार, म्हणजे दुसरीचं बिजागर चार बोटं वर हवं आणि तिसरीचं आठ बोटं. हा शोध भावजींना नाश्त्याच्या टेबलावर लागला. पावाचे तुकडे उभे करून ते एकेक पाडत होते.

"बघ, चपखल बसलं!"

"बसलं ना? मग खा आता," ताई म्हणाली.

छप्पर त्यांनी खाल्लं. भिंती दुपारपर्यंत टेबलावर होत्या.

हीटर मात्र नव्हता. "हीटर कशाला? माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा. आपण दोघं, दोनशे वॉट." एवढा हिशेब करणारा माणूस हवा यायला भोकं ठेवायला विसरला होता. त्याची आठवण ताईने करून दिली. भावजींचाही दोष नाही, वाटाण्यांनी कधी श्वासाची तक्रार केली नव्हती.

ट्रेलर उभा राहिला तेव्हा ताईने अट घातली. "आधी तुमच्या त्या कोल्ड स्टोरेजात एक तास बसून बघणार. मध्ये दार उघडायचं नाही. दात वाजले, तर मी डोंगरात येणार नाही. आणि हा डबा अंगणातून हलवायचा."

भावजींच्या जुन्या कंपनीत त्या आठवड्यात एक खोली रिकामी होती. उणे पाच अंश. रविवारी दुपारी आम्ही ट्रेलर आत ढकलला. भावजी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आले होते. आतल्या उबेवर केवढा विश्वास आहे, हे दाखवायला. आपला जुना कामाचा कोट त्यांनी ट्रेलरमध्ये खुंटीला लावला, नुसता शोभेला.

ताई थर्मास आणि विणकाम घेऊन आत चढली. भावजींनी सवयीने ट्रेलरचं दार लोटलं, मोठी कडी खाडकन ओढली, सीलवरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान डोलावली. मग त्यांचा चेहरा पडला.

ते बाहेर होते.

आतून उघडायचा दांडा त्यांनी न चुकता बसवला होता, तो तर नियमच. पण दार घट्ट आवळणारी कडी फक्त बाहेरून लागत होती. तीस वर्षांत कोल्ड स्टोरेजचं दार आतून लावून घ्यावं असं एकाही माणसाला वाटलं नव्हतं!

"मीच लावतो कडी, तुम्ही जा आत," मी म्हणालो.

"उघडायचं नाही ठरलंय," ते म्हणाले. मग हळूच, "पण आता शंभरच वॉट राहिले रे."

वीस मिनिटांनी वॉचमनने खोलीत डोकं घातलं. "गारठासाहेब, बाहेर या, ऊन आहे!"

"आत माणूस असताना दारापासून हलायचं नाही," भावजी कडीवर हात ठेवून म्हणाले. हा नियम त्यांनी इथल्या प्रत्येकाकडून घोकून घेतला होता. माझा स्वेटर त्यांनी नाकारला, वॉचमनचा कोटही नाकारला. चाळिसाव्या मिनिटाला खोलीत टकटक असा आवाज येऊ लागला.

"कंप्रेसर बिघडला वाटतं," वॉचमन म्हणाला.

भावजींचे दात होते.

तास भरला. मी कडी काढली. ताई भावजींचा कोट अंगावर घेऊन बसली होती, निम्मा मोजा विणून झाला होता. ट्रेलरमधला थर्मामीटर सोळा अंश दाखवत होता. तिने नवऱ्याच्या निळ्या ओठांकडे बघितलं आणि चहाचा पेला त्यांच्या तोंडाला लावला.

"बाई, दात तर वाजले," वॉचमनने चोंबडेपणा केलाच.

"अट माझ्या दातांची होती," ताई म्हणाली. मग भावजींकडे वळली. "स्वेटरची बटणं आतला माणूस लावतो की शेजारी? आतून कडी बसवा. मग जाऊ."

"द-द-दोन दिवसांत बसवतो. ब-बाहेरची काढून टाकतो."

"बाहेरची राहू दे."

"क-कशाला?"

"घोरलात की बाहेर जाऊन लावायला," ताई म्हणाली आणि तो कोट त्यांच्या खांद्यावर टाकून गळ्यापर्यंत बटणं लावू लागली.